बाबासाहेबांच्या देहाने सोसलेला भार

उपासक-उपासिकांनो,

आपल्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे हे गाव तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी या गावी महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि तिच्यासाठी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः आले होते. त्या वेळी ते पन्नाशीला टेकले होते. आपण त्यांच्या विद्वत्तेच्या, त्यांच्या अठरा-अठरा तासांच्या अभ्यासाच्या गोष्टी मुलांना सांगतो, आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. परंतु या माणसाच्या देहाने काय सोसले, हा विचार तुम्ही कधी केला आहे काय? आज त्यांचे चरित्र मी तुम्हांला या एका बाजूने सांगणार आहे. कारण ही बाजू आपल्या घरांशी फार जवळची आहे.

तडवळ्याच्या परिषदेत ज्या वतनदारांचा प्रश्न होता त्यांचे जिणे कसे होते, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. रात्री-अपरात्री बोलावणे येई. घरचा कर्ता माणूस गावाला गेला असेल तर बापाने जायचे, पोराने जायचे. कामाला वेळ नाही, मोबदल्याला हिशेब नाही आणि नाही म्हणण्याची सोय नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी बिल मांडले होते. वतनाने माणूस गरीब राहतो, लाचार राहतो, हे आपल्याला ठाऊक आहे. पण ज्या माणसाचा आपल्या स्वतःच्या वेळेवर ताबा नाही, ज्याला केव्हा कोण हाक मारील याची सदैव धास्ती आहे, त्याचे शरीरही आतून झिजते, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला पुढे कळली.

हे झिजणे कसे होते ते समजून घ्या. वाटेत साप दिसला की छातीत धडधडते, घाम सुटतो, अंगात कुठून तरी बळ येते आणि आपण उडी मारून बाजूला होतो. त्या क्षणी मूत्रपिंडांच्या वर असलेल्या लहानशा ग्रंथी रक्तात विशिष्ट रस सोडतात. हृदय जोराने चालू लागते, रक्तदाब चढतो, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते. साप निघून गेला की सारे पूर्ववत होते. निसर्गाची ही योजना चांगलीच आहे. परंतु साप जातच नसेल तर? सावकाराचा तगादा, गावाचा बहिष्कार, आजारी मूल, बुडालेले पीक, यांतले काहीच दोन घटकांत जात नाही. मग शरीर महिनोन्‌महिने पळण्याच्या तयारीत राहते. झोप उडते, पोटात जळजळ होते, डोके ठणकते, रक्तदाब चढलेलाच राहतो, साखर आटोक्यात येत नाही आणि रोगाशी झगडण्याची ताकद कमी होते. हान्स सेल्ये नावाच्या शास्त्रज्ञाने १९३६ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, त्रास कोणत्याही प्रकारचा असो, शरीरात होणारी मोडतोड बरीचशी सारखीच असते.

पुढे इंग्लंडमध्ये १९६७ पासून लंडनच्या हजारो सरकारी नोकरांची तपासणी झाली. ते सारे कचेरीत बसून काम करणारे, नियमित पगार घेणारे लोक होते. तरीही सर्वांत खालच्या पायरीवरच्या नोकरांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत वरच्या पायरीवरच्यांच्या सुमारे तिप्पट निघाले. विडी-सिगारेट वगैरे कारणे वजा केली तरी हा फरक पुरता मिटला नाही. पुढच्या तपासणीत असे दिसले की, ज्यांचा आपल्या कामावर ताबा नव्हता त्यांना हृदयाचे विकार अधिक होत होते. वाचकहो, नुसत्या नोकरीच्या पायऱ्यांनी ही गत होते, तर जातीच्या उतरंडीखाली पिढ्यान्‌पिढ्या दडपलेल्या माणसांचे काय झाले असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

आता बाबासाहेबांकडे वळू. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले हे रामजी सुभेदारांचे चौदावे अपत्य. लहानपणीच आई भीमाबाई गेल्या. शाळेत वेगळे गोणपाट अंथरून बसायचे आणि शिपायाने वरून पाणी ओतले तरच प्यायचे, नाहीतर तहानलेले राहायचे. लहान मुलाच्या मनावर रोजच्या रोज होणारा हा घाव होता. २ फेब्रुवारी १९१३ रोजी वडील गेले आणि त्याच वर्षी ते अमेरिकेला निघाले. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी प्रथमच माणसासारखा श्वास घेतला. सर्वांबरोबर जेवावे, हवे त्या बाकावर बसावे, कोणी जात विचारू नये, हा अनुभव त्यांना तिथे मिळाला.

म्हणूनच १९१७ साली बडोद्याला जे घडले ते अधिक झोंबले. महाराजांच्या नोकरीत ते रुजू झाले, पण शहरात राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव घेऊन राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना जागा सोडावी लागली. जगातल्या एका मोठ्या विद्यापीठात शिकून आलेला हा तरुण बडोद्याच्या एका बागेत झाडाखाली बसून रडला. त्या अश्रूंची लाज बाळगू नका. दुःख आत कोंडून ठेवणे म्हणजे शौर्य, ही समजूत चुकीची आहे.

पुढे मुंबईला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून, पै-पै साठवून ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. दिवसभर ग्रंथालय आणि रात्री पुन्हा वाचन, पोटाला मात्र अपुरे. १९२३ साली ते डी. एस्‌सी. झाले, बॅरिस्टर होऊन परतले. ज्ञान मिळाले, पण अर्धपोटी राहण्याची आणि झोप मोडण्याची सवय देहाला लागली ती कायमचीच.

त्यानंतरचे दुःख घरातले आहे. रमाईंनी पाच अपत्यांना जन्म दिला. त्यांपैकी यशवंतराव तेवढे जगले. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे बालपणीच गेली. धाकटा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला, तेव्हा बाबासाहेब पार खचले. महिनाभराने एका स्नेह्याला पत्र लिहून त्यांनी आपले मन मोकळे केले. ही गोष्ट ध्यानात ठेवा. एवढा धीराचा पुरुष, पण त्यांनी दुःख गिळून टाकले नाही. ते विश्वासाच्या माणसाला सांगितले. त्यानंतर आठच महिन्यांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर ते हजारोंच्या पुढे उभे होते. दुःख संपले म्हणून ते उभे राहिले असे नव्हे. दुःख बाळगूनही करण्यासारखे मोठे काम त्यांच्याजवळ होते आणि बरोबर माणसे होती.

मग नाशिकचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा आणि सप्टेंबर १९३२ चे ते दिवस आले. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे उपोषण चालू होते. गांधीजींच्या प्राणाला धोका झाला तर त्याचा दोष साऱ्या देशाने बाबासाहेबांच्या माथी मारला असता. धमक्या येत होत्या, आणि गावोगावच्या आपल्या निराधार लोकांवर सूड उगवला जाईल ही चिंता वेगळीच. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. एवढे ओझे घेऊन शांत चित्ताने वाटाघाटी करणे देहाला काय पडले असेल?

२७ मे १९३५ रोजी दीर्घ आजाराने रमाई राजगृहात निवर्तल्या. बाबासाहेब कित्येक दिवस कोणाशी धड बोलत नव्हते. आणि त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली.

आता एक गोष्ट सांगतो, ती आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत १९४५ साली कारखान्यातील कामगारांना भरपगारी रजा देणारी कायद्याची दुरुस्ती झाली. १९४६ साली बारमाही कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. कामगारांच्या आजारपणाच्या विम्याची योजनाही त्यांच्याच काळात आकाराला येऊ लागली. यामागचा विचार काय होता? माणूस म्हणजे यंत्र नव्हे, त्याला विश्रांती पाहिजे, झोप पाहिजे, बायकामुलांत बसायला वेळ पाहिजे. विश्रांती ही कोणाची मेहेरबानी नाही, तो श्रमणाऱ्याचा हक्क आहे, हे त्यांनी कायद्यात आणून ठेवले. परंतु हा हक्क त्यांनी स्वतः मात्र कधी घेतला नाही.

याचा परिणाम दिसल्यावाचून राहिला नाही. मधुमेह जडला, रक्तदाब वाढला, पायांच्या नसांत असह्य वेदना सुरू झाल्या. ऑगस्ट १९४७ मध्ये ते घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. समितीत सात जण होते, पण कोणी राजीनामा दिला, कोणी वारले, कोणी परदेशी होते, कोणी दिल्लीपासून दूर होते. मसुद्याचा भार शेवटी बहुतेक बाबासाहेबांवरच पडला, हे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत जाहीरपणे सांगितले. २१ फेब्रुवारी १९४८ रोजी मसुदा सादर झाला. त्याच काळात इन्शुलिनची सुई चालू होती, मध्यरात्री पायांत कळा उठत आणि रात्री झोपेवाचून जात. आज आपण ज्या कलमांच्या आधाराने ताठ उभे राहतो, ती कलमे अशा रात्रींनंतरच्या दिवसांत लिहिली गेली आहेत.

येथे एक खुलासा करतो. मानसिक ताणामुळेच बाबासाहेबांना मधुमेह झाला, असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. मधुमेहाला आनुवंशिकता, आहार, व्यायामाचा अभाव अशी अनेक कारणे असतात. पण आधीच जडलेला विकार काळजीने आणि जागरणाने बळावतो, ही गोष्ट डॉक्टर मंडळी एकमुखाने सांगतात.

उपचारांच्या निमित्ताने त्यांची डॉ. शारदा कबीर यांच्याशी ओळख झाली आणि १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत त्यांचा विवाह झाला. माईसाहेबांनी त्यांचे औषधपाणी आणि पथ्य सांभाळले. पण कामाचा रेटा थांबला नाही. हिंदू कोड बिलासाठी त्यांनी जीव ओतला. ऑगस्ट १९५१ मध्ये पंतप्रधान नेहरूंना लिहिताना आपल्या प्रकृतीची काळजी वाटत असल्याचे त्यांनी कळवले होते आणि बिल लवकर घेण्याची विनंती केली होती. बिल रखडले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी राजीनामा दिला. १९५२ च्या निवडणुकीत मुंबईत आणि १९५४ साली भंडाऱ्यात त्यांचा पराभव झाला.

मग या माणसाने तग धरला तो कशाच्या बळावर? पहिला आधार पुस्तकांचा. पुस्तकांसाठीच तर राजगृह बांधले होते. दुसरा आधार अशा गोष्टींचा, ज्यांत हार नाही की जीत नाही. उतारवयात ते व्हायोलिन शिकू लागले. चित्रे काढून पाहिली. बंगल्याभोवती हौसेने बाग केली. कुत्र्यांचा त्यांना लळा होता. काही जणांना वाटेल, एवढ्या मोठ्या माणसाला हे खेळ कशाला? पण ताणलेल्या मनाला सैल होण्यासाठी अशीच जागा लागते. तिसरा आणि सर्वांत मोठा आधार तथागताच्या धम्माचा.

धम्मात या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी सांगून ठेवले आहे. सोण नावाचा एक भिक्खू होता. सुखात वाढलेला, पण चंक्रमण करता करता तळपाय रक्तबंबाळ होईपर्यंत तो साधनेत झिजला आणि निराश झाला. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. भगवंतांनी त्याला वीणेच्या तारांवरून समजावले की, तार फार ताणली तर सूर लागत नाही, फार सैल सोडली तरीही लागत नाही. प्रयत्नाचेही तसेच आहे. हाच मध्यम मार्ग. व्हायोलिनच्या तारा पिळणाऱ्या बाबासाहेबांना ही कथा किती जवळची वाटली असेल!

दुसरी कथा तुमच्या-आमच्यासारख्या संसारी जोडप्याची आहे. नकुलपिता नावाचा गृहस्थ फार आजारी पडला. माझ्यामागे बायकोचे कसे होईल, मुलांचे कसे होईल, या काळजीने तो आणखी खंगत होता. त्याची पत्नी नकुलमाता उशाशी बसली आणि तिने त्याची एकेक काळजी उकलली. मला सूत कातता येते, मी लेकरे वाढवीन, घर सोडून जाणार नाही, शील सोडणार नाही, असा तिने धीर दिला. नकुलपिता त्या दुखण्यातून उठला आणि काठी टेकत भगवंतांच्या दर्शनाला गेला. भगवंतांनी त्याच्यापुढे त्या माउलीची वाखाणणी केली. बघा, अडीच हजार वर्षांपूर्वी हे ओळखले होते की, काळजी रोग्याला अधिक रोगी करते आणि घरच्या माणसाचा एक मोकळा शब्द औषधाच्या मदतीला येतो.

आता आपल्या घराकडे या. आपल्या जिल्ह्याने १९७२ चा दुष्काळ पाहिला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने उमरगा-लोहारा भागातील गावेच्या गावे जमीनदोस्त केली. कर्जापायी जीव देणाऱ्या शेतकऱ्यांच्या बातम्या आपण वाचतो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे हाल आपण पाहतो. शिवाय नुकतीच दीक्षा घेतलेल्या घरावर आणखी एक भार असतो. देव्हारा उठवला म्हणून भावकी बोलते, मुलीच्या लग्नाची चिंता लागते, गावाची नजर बदलते. हे सारे सोसताना मान दुखते, पित्त होते, झोप लागत नाही, आणि आपण म्हणतो, काही नाही, जरा दगदग झाली.

तेव्हा एवढे करा. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, बायकांनीसुद्धा, प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. गोळ्या सुरू झाल्या तर बरे वाटते म्हणून मनानेच बंद करू नयेत. कष्टाचे दिवस असले तरी झोपेची वेळ मोडू नये. काळजी बुडवण्यासाठी बाटली जवळ करू नये. दारूने झोप येते असे वाटते, पण ती झोप मोडकी असते, आणि पाचवे शील मोडते ते वेगळेच. सकाळी दहा मिनिटे पाठ ताठ ठेवून स्वस्थ बसावे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष द्यावे. श्वास संथ झाला की हृदयाची गतीही उतरते. यात चमत्कार काही नाही, आणि हे औषधाच्या जागी घ्यायचे नाही, औषधाबरोबर करायचे आहे.

नवरा-बायकोने नकुलमातेसारखे एकमेकांशी बोलावे. कर्जाचा आकडा घरात लपवू नये. घरातला कोणी गप्प गप्प राहू लागला, जेवेना, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नका आणि भगताकडे मुळीच नेऊ नका. डॉक्टरांकडे न्या. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने टेलि-मानस नावाची दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर पैसे न मोजता, मराठीतही, मनाच्या दुखण्याबद्दल बोलता येते.

आणि एक गोष्ट विसरू नका. अन्याय होत असेल तर नुसते डोळे मिटून बसणे हा त्यावरचा उपाय नव्हे. बाबासाहेबांनी तडवळ्याला परिषद का घेतली? एकेका वतनदाराच्या छातीवरचा दगड सगळ्यांनी मिळून उचलावा म्हणून. ज्याच्यामागे दहा माणसे उभी आहेत त्याला रात्री झोप लागते. विहारात जमा, एकमेकांची विचारपूस करा, अडल्या-नडल्या घराला हात द्या. तोही देहाच्या आरोग्याचाच मार्ग आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेब हातात काठी घेऊन उभे होते. देह थकला होता, चेहऱ्यावर मात्र समाधान होते. पुढच्या महिन्यात ते नेपाळला जाऊन आले. ५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीच्या अलीपूर रोडवरील घरी ते बुद्धवंदनेच्या ओळी आणि कबीराचे एक पद गुणगुणत होते. उशाशी त्यांच्या बुद्धाच्या ग्रंथाची प्रस्तावना होती. ६ डिसेंबरच्या पहाटे झोपेतच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. वय होते अवघे पासष्ट.

उपासक-उपासिकांनो, या देहाने आपल्यासाठी विश्रांती घेतली नाही. म्हणून आपणही देह जाळावा, असा याचा अर्थ नाही. ज्यांनी कामगाराच्या विश्रांतीसाठी कायदा केला, त्यांना तुम्ही तुमची प्रकृती हेळसांडून कोणती मानवंदना देणार? त्यांचे उरलेले काम करायला निरोगी माणसे हवी आहेत. आज रात्री घरात सर्वांनी मिळून जेवा, एकमेकांना मनातले विचारा आणि वेळेवर झोपा.

जय भीम.